जादूगारांना कोंडायचं का? वाचक विचारतात

मागच्या अंकात 'ड्रॅगन एज' या गेम सिरीजबद्दल लिहिताना मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की त्यातलं जादूगारांना ठेवायचं सर्कल म्हणजे सरळसरळ जेल आहे आणि जेलमध्ये टाकायचं तर आधी काहीतरी गुन्हा तरी पाहिजे ना. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की बाकीचा लेख कुणी वाचला की नाही शंकाच आहे. म्हणून यावेळचं अख्खं सदर त्यालाच देतेय. स्पॉयलर भरपूर आहेत, खेळायचं बाकी असेल तर पान उलटा, नंतर बोंब मारू नका.

प्रश्न: ताई, मी गेम खेळत नाही, मुलगा खेळतो आणि जेवताना त्याचे नि त्याच्या मित्राचे या सर्कलवरून वाद चालतात. नक्की भानगड काय आहे, थोडक्यात सांगाल का? (ठाणे)

सांगते की. थेडास नावाचं जग आहे, तिथे काही मुलं जन्मताच जादू घेऊन येतात, श्रीमंताघरी, गरिबाघरी, कुठेही. जादू येते ती फेड नावाच्या दुसऱ्या जगातून, जिथे आपण सगळे स्वप्नात जातो, आणि तिथे डीमन असतात ज्यांना या जगात यायचं असतं आणि त्यासाठी त्यांना सगळ्यात सोपं दार म्हणजे जादूगार माणूस. डीमन अंगात शिरला की त्या माणसाचं अबॉमिनेशन होतं, म्हणजे राक्षसच, आणि मग आजूबाजूचे मरतात. म्हणून चँट्री, म्हणजे तिथलं धर्मपीठ, जादू दिसली की मुलाला घरातून उचलतं आणि सर्कल नावाच्या टॉवरमध्ये नेऊन ठेवतं, बहुतेकांना जन्मभरासाठी. पहाऱ्याला टेम्पलर नावाचे सैनिक. मुलाच्या रक्ताची बाटली भरून ठेवतात, पळाला तर त्यावरून माग काढायला. मोठा झाला की हॅरोइंग नावाची परीक्षा, फेडमध्ये पाठवून मुद्दाम डीमनसमोर उभं करायचं आणि बाहेर टेम्पलर तलवार घेऊन तयार, हरला तर तिथेच खलास. मुलाला परीक्षा काय आहे ते आधी सांगतही नाहीत.

पहिला गेम २००९ चा, दुसरा २०११, तिसरा २०१४, आणि तिन्हींत हा वाद वाढत वाढत शेवटी युद्धापर्यंत जातो. २०२४ मध्ये चौथा आला पण आपल्या वादाचं मुख्य मटेरियल पहिल्या तिनात आहे. मुलाला विचारा तुझी बाजू कुठली, बराच वेळ बोलेल तुमच्याशी.

प्रश्न: तुम्ही सर्कलला जेल म्हणता, पण रेडक्लिफमध्ये काय झालं ते विसरलात का? एक लहान पोरगा टॉवरबाहेर राहिला आणि अख्खं गाव प्रेतांच्या हल्ल्यात सापडलं. अजून काय पुरावा पाहिजे? (नागपूर)

नाही हो, विसरणार कशी, पहिल्या गेममधला तोच भाग मला सगळ्यात जास्त लक्षात आहे. पण तुम्ही गोष्ट मधून सुरू करताय, जरा मागून बघू.

कॉनर हा तिथल्या सरदाराचा, अर्ल एमनचा मुलगा. त्याच्यात जादू दिसली तेव्हा आई इझोल्ड घाबरली, का घाबरली तर मुलगा सर्कलवाले घेऊन जाणार आणि पुन्हा मिळणार नाही. मग तिने लपवलं, नवऱ्यापासून सुद्धा. आणि लपवायचं म्हटल्यावर शिकवायला चांगला माणूस कुठून आणणार, कारण चांगले सगळे टॉवरमध्ये, मग आणला गुपचूप एक पळून आलेला जोवन, ज्याचं स्वतःचं शिक्षण अर्धवट, हॅरोइंग झालेली नाही, रक्तजादूच्या लफड्यात अडकलेला. त्याच जोवनने दुसऱ्या कुणाच्या तरी सांगण्यावरून अर्लला विष घातलं. बाप मरायला टेकलाय, पोराला काही कळत नाही, आणि फेडमधून एक डीमन म्हणते मी वाचवते तुझ्या बाबांना. कुठलं पोर नाही म्हणेल?

आता यात टॉवर नव्हता म्हणून झालं असं तुम्ही म्हणता, मी म्हणते टॉवरच्या भीतीने झालं. महिन्यातून दोनदा घरी येऊ देणारी शाळा असती तर इझोल्डनेच बोट धरून सोडला असता त्याला. मुलगा तोडून नेतील ही भीती असली की आईबाप लपवणारच, आणि लपवलेलं न शिकलेलं मूल हे शिकलेल्या जादूगारापेक्षा कितीतरी धोक्याचं, हे त्या कथेतच दिसतं.

पण तुमच्या बाजूचा एक मुद्दा मी स्वतःच देते, तुम्ही लिहिला नाहीत. कॉनरला न मारता आणि आईचा बळी न देता वाचवायचा जो तिसरा मार्ग आहे, त्यासाठी सर्कलचे जादूगार आणावे लागतात, लिरियम नावाचं जादूला बळ देणारं खनिज आणावं लागतं, त्यांच्याशिवाय ते होतच नाही. म्हणजे सर्कलमध्ये जमलेली विद्या खरी आहे आणि ती एका जागी जमली म्हणूनच आहे. ती मोडून टाका असं मी कधीच म्हणणार नाही. फक्त एवढंच की गाव वाचलं ते त्या विद्येमुळे, दाराला कडी होती त्यामुळे नाही वाचलं. आणि कडीचं म्हणाल तर त्याच गेममध्ये त्याच टॉवरमध्ये उलड्रेड नावाच्या जादूगाराचं बंड होतं, आत अबॉमिनेशन मोकाट, आणि टेम्पलर बाहेरून दरवाजे लावून सगळ्यांना मारायच्या परवानगीची वाट बघत बसतात, आत लहान मुलं आहेत हे माहीत असून. बंद टॉवरमध्ये सुद्धा झालंच ना शेवटी.

प्रश्न: ट्रँक्विल लोकांचं एवढं वाईट का वाटून घ्यायचं? त्यांना दुःख नाही, भीती नाही, डीमनचा धोका नाही, शांतपणे काम करतात. विचारलं तर स्वतःच सांगतात की ठीक आहे. (चिंचवड)

हा प्रश्न वाचून मी थोडा वेळ पत्र बाजूला ठेवलं खरं सांगायचं तर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ट्रँक्विल म्हणजे ज्या जादूगाराचा फेडशी संबंध कायमचा तोडलाय. कपाळावर सूर्याचा डाग देतात. स्वप्न पडत नाही, राग नाही, माया नाही, आणि मग त्यांना वस्तूंमध्ये जादू भरायच्या कामाला बसवतात ज्याचे पैसे सर्कलला मिळतात.

विचारलं तर ठीक आहे म्हणतात, बरोबर. पण वाईट वाटायची सोयच काढून घेतलेल्या माणसाला वाईट वाटतंय का विचारून काय मिळणार. दुसऱ्या गेममध्ये कार्ल आठवतो का, अँडर्स नावाच्या सर्कलमधून पळालेल्या जादूगाराचा मित्र? तो ट्रँक्विल झालेला असतो, अगदी शांत, टेम्पलरांच्या सापळ्यात मित्राला आणतो तेही शांतपणे. मग अँडर्सच्या अंगात राहणाऱ्या स्पिरिटमुळे (फेडमधलाच जीव, पण डीमनसारखा दुष्ट नाही) काही क्षण त्याच्या भावना परत येतात आणि त्या काही क्षणांत तो एकच गोष्ट मागतो, मला मारून टाक, पुन्हा तसं होऊ देऊ नको. तुमच्या प्रश्नाचं उत्तर देण्याच्या स्थितीत असलेला तो एकच साक्षीदार मला माहितीये आणि त्याने उत्तर दिलंय.

शिवाय नियम असा होता की हॅरोइंग पास झालेल्याला हे करायचं नाही. कार्ल पास झालेला होता. आणि मॅडॉक्सचं तर बघा, त्याने प्रेमपत्रं लिहिली बिचाऱ्याने, सॅमसन नावाच्या टेम्पलरने ती पोचवली, बस एवढंच, त्यावर मॅडॉक्सला ट्रँक्विल केलं आणि सॅमसनला हाकललं. डीमनपासून वाचवायचं म्हणून आणलेलं हत्यार प्रेमपत्रावर वापरलं. कोणाला विचारायचं, अपील कुठे करायचं, काहीच नाही. तिसऱ्या गेममध्ये तर कळतं की हे उलटवता येतं आणि टेम्पलरांवर नजर ठेवणाऱ्या सीकर लोकांना ते आधीपासून माहीत होतं, गप्प बसले होते. त्यानंतरही तुम्हाला ठीक वाटत असेल तर आपलं जमणार नाही.

प्रश्न: माझे आजोबा सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये जन्मले. गेममध्ये जेव्हा सांगतात की अमुक घरात जन्मलास म्हणून तू धोकादायक, तेव्हा मला थेट तेच आठवलं. मित्र म्हणतात तू गेममध्ये नको ते शोधतोस. खरंच जास्त होतंय का माझं? (सोलापूर)

अजिबात नाही, आणि पत्र लिहिलंत म्हणून आभार. मित्रांना ही पार्श्वभूमी माहीत नसेल तर थोडक्यात, इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आणला, १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही लागू झाला, आणि पारधी, कैकाडी, भामटा अशा कितीतरी जमातींवर जन्मताच गुन्हेगार असा शिक्का बसला. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही, आणि काहींना तारेच्या कुंपणाच्या वसाहतींमध्ये, म्हणजे सेटलमेंटमध्ये, ठेवलं, सोलापूरची त्यातली एक मोठी. मुलांना आईबापांपासून वेगळं काढायची सोय सुद्धा कायद्यात होती. कायदा गेला १९५२ मध्ये, स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, म्हणून दरवर्षी ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात.

सर्कलची यंत्रणा आणि ही यंत्रणा शेजारी ठेवून बघितली की अंगावर येतं. हजेरी आहे, मुलं काढून नेणं आहे, आत ठेवून कामाला लावणं आहे (सोलापुरात गिरण्या होत्याच), आणि वर हे सगळं तुमच्या सुधारणेसाठी चाललंय असं तुम्हालाच ऐकवणं आहे. आणि पहारेकऱ्यांची स्थिती पण बघण्यासारखी, टेम्पलरांना लिरियमचं व्यसन लावलेलं असतं आणि पुरवठा चँट्रीच्या हातात, म्हणजे पहारेकरी पण एका दोरीला बांधलेले.

पण एका ठिकाणी मी तुम्हाला थांबवेन. थेडासमध्ये धोका खरा आहे. तिथे जादूगाराच्या अंगात खरोखर डीमन शिरू शकतो, तसा तो शिरताना आपण बघतो. तुमच्या आजोबांच्या बाबतीत धोका असा काही नव्हताच, तो कागदावर लिहून तयार केला होता. मला गेम बनवणाऱ्यांबद्दल हीच एक तक्रार आहे, दडपलेल्या लोकांची गोष्ट सांगायची म्हणतात आणि त्या लोकांच्या हातात खरोखरचा स्फोट देतात, मग खेळणारा म्हणतो बघा कोंडणारे बरोबरच होते की. त्यामुळे तुलना करताना एवढं जपा, कुंपणाची तुलना करा, आतल्या माणसांची नको. कुंपण कसं चालतं ते दोन्हीकडे सारखंच आहे. कुणी 'मग तुझे आजोबा पण अबॉमिनेशन का' असं फालतू बोललं तर हेच ऐकवा त्याला.

प्रश्न: मी मेडिकलला आहे. तुम्ही सगळे ह्याला जेल जेल म्हणताय, पण हे क्वारंटाइन नाही का? संसर्ग असलेल्या माणसाने गुन्हा केलेला नसतो तरी वेगळं ठेवतोच आपण. (पुणे)

आतापर्यंत आलेल्या पत्रांतला सगळ्यात दमदार मुद्दा हा. आणि तुमच्याच शहरात याचं उदाहरण आहे बघा. १८९७ चा प्लेग, रँडसाहेबाचे सोल्जर घरात घुसून रोगी शोधायचे आणि उचलून कॅम्पात न्यायचे. प्लेग खरा होता, वेगळं ठेवणं शास्त्राला धरूनच होतं, पण पद्धत अशी की लोक आजारी माणसं लपवायला लागले. चापेकरांचं पुढचं सगळ्यांना माहितीये. म्हणजे परत इझोल्डच.

दुसरं उदाहरण तुम्हाला अभ्यासात आलं असेल, न्यूयॉर्कची मेरी मॅलन, स्वयंपाकीण. स्वतः ठणठणीत, पण टायफॉइड पसरवायची. थेडासच्या जादूगाराच्या सगळ्यात जवळचं खरं माणूस मला हीच वाटते, कारण धोका खरा आणि दोष तिचा नाही. १९०७ मध्ये पकडून बेटावर ठेवली, १९१० मध्ये सोडली, अट काय तर स्वयंपाक करायचा नाही. आता तिला दुसरं काम येत नाही, धुण्याच्या कामात पैसे कमी, परत नाव बदलून स्वयंपाकाला लागली, ते पण बाळंतिणींच्या हॉस्पिटलात, आणि तिथे पंचवीसेक लोक आजारी पडले, दोन गेले. १९१५ ला पुन्हा बेटावर ती १९३८ ला मरेपर्यंत. तिच्या नंतर न्यूयॉर्कमध्ये असे बरेच वाहक सापडले, त्यांना कुणी जन्मभर कोंडलं नाही.

मी मेरीला निर्दोष म्हणत नाहीये, दुसऱ्यांदा तर नाहीच. पण क्वारंटाइनला शेवट असतो, तपासणी असते, निगेटिव्ह आला की घरी. सर्कलमध्ये तुम्ही हॅरोइंग पास होता, म्हणजे डीमनला तोंड देऊन दाखवता, आणि तरीही घरी जाता येत नाही. मग परीक्षा घेतली कशाला? पास होऊनही आतच ठेवायचं असेल तर क्वारंटाइन हा शब्द तिथे बसत नाही हो डॉक्टर.

प्रश्न: ताई मी बारावीला आहे, कोल्हापूर. एकच विचारायचंय, अँडर्स बरोबर का चूक? सरळ सांगा, गोल गोल नको.

चूक. कर्कवॉल शहरातल्या चँट्रीच्या मंदिरात त्याने स्फोट केला तेव्हा आत माणसं होती, ज्यांचा टेम्पलरांशी काही संबंध नव्हता अशी पण. आणि त्याला माहीत होतं की सूड टॉवरमधल्या जादूगारांवर निघणार, उलट तेच हवं होतं त्याला, मधला मार्ग कुणाला उरू नये म्हणून. दुसऱ्याच्या जिवावर असा निर्णय घ्यायचा नसतो. आणि तिथल्या टेम्पलरांची प्रमुख मेरेडिथ त्याच्याहून चूक, कारण स्फोट केला एकाने जो सर्कलमध्ये नव्हताच, तो समोर उभा असताना तिने टॉवरमधल्या सगळ्यांना मारायचा हुकूम दिला. आता अभ्यासाला बस, परीक्षा झाली की परत खेळ.

प्रश्न: बोलणं सोपं आहे. टेव्हिंटर देशात जादूगार मोकळे आहेत, तिथे काय चाललंय बघा, गुलामगिरी आणि रक्तजादू. तुम्ही असता तर काय केलं असतं ते सांगा ना. (दुबई)

टेव्हिंटरचं उदाहरण सगळेच देतात आणि ते खोटं नाही, फेनरिससारख्या तिथून पळालेल्या गुलामाने जादूगारांवर विश्वास ठेवावा असं मी त्याला कुठल्या तोंडाने सांगू. पण टेव्हिंटरमध्ये जादूगार नुसते मोकळे नाहीत, ते राज्यकर्ते आहेत. त्यांना विचारणारं कोणी नाही. दक्षिणेत, म्हणजे सर्कलवाल्या देशांत, टेम्पलरांना विचारणारं कोणी नाही. दोन्हीकडे आजार एकच, फक्त चाबूक वेगळ्या हातात. कुनारी लोकांकडे तर तिसरा प्रकार, जादूगाराचं तोंड शिवायचं, साखळीला बांधून हाकायचं, आणि सगळ्यात भयंकर म्हणजे दुसऱ्या गेममधला तो सुटलेला कुनारी जादूगार स्वतःच स्वतःला जाळून घेतो, कारण मोकळं असणं हाच गुन्हा असं त्याच्या डोक्यात इतकं खोल गेलेलं असतं.

आणि तुम्ही फक्त टेव्हिंटरचं नाव घेता, अवार लोकांचं का नाही घेत? डोंगरातले लोक, त्यांच्याकडे जादूच्या मुलाला एक चांगला स्पिरिट शिकवतो, मोठा झाला की विधी करून तो स्पिरिट निघून जातो, मूल घरीच वाढतं. तिथेही सगळं गोड नाही, स्पिरिट निघाला नाही तर त्या मुलाला मारतात, ते मी लपवणार नाही. रिव्हेनमध्ये डेअरस्मुइडचं सर्कल होतं, बायका पिढ्यान्‌पिढ्या स्पिरिटशी बोलायच्या, घरच्यांना भेटायच्या, चाललं होतं सगळं. तपासायला आलेल्यांना ते दिसलं आणि त्यांनी अख्खं सर्कल कापून काढलं. म्हणजे दुसरा मार्ग चालतो की नाही हे बघायच्या आधीच तो मार्ग मोडला, आणि मग आपण म्हणायचं की बघा दुसरा मार्गच नाही.

मी असते तर? शिक्षण सक्तीचं, त्यात माझी माघार नाही. न शिकलेलं मूल घरी ठेवायचं नाही. पण शाळा गावाजवळ, आईबापांना भेटायला मुभा, आणि परीक्षा पास झाली की ड्रायव्हिंग लायसन्ससारखं, ठराविक वर्षांनी तपासणी, चूक केली तर लायसन्स जप्त, पण गाडी येते म्हणून कुणाला कोंडून ठेवत नाही आपण. टेम्पलर पाहिजेतच, अबॉमिनेशन झालं तर दुसरं कोण थांबवणार, फक्त ते चँट्रीच्या लिरियमवर जगणारे नकोत आणि त्यांच्यावर तक्रार करायला जागा पाहिजे जिथे जादूगार पण बसलेला असेल. ट्रँक्विल करणं बंद, स्वतःहून मागितलं तरी बंद, कारण त्या टॉवरमध्ये स्वतःहून म्हणजे काय ते आपण बघितलंय. याने अपघात थांबतील का? नाही थांबणार, एखादा कॉनर होईलच. पण दुसऱ्या गेममधल्या हॉक भावंडांचा बाप माल्कम टॉवरमधून निसटला आणि पुढे मरेपर्यंत बाहेरच राहिला, संसार केला, मुलीला जादू शिकवली आणि माणूस म्हणूनच मेला, असे किती असतील त्याची नोंद कुठल्याच टेम्पलरच्या वहीत नसते, कारण काही घडलंच नाही तर नोंदवणार काय.

प्रश्न: शेवटी डिव्हाइन, म्हणजे चँट्रीची प्रमुख, कुणाला केलंत, लेलियाना, कसांड्रा का व्हिव्हिएन? (नाव नको, नाशिक)

लेलियाना. पण व्हिव्हिएनला शिव्या घालणाऱ्यांत मी नाही, ती स्वतः जादूगार असून सर्कल परत उभं करा म्हणते त्यामागे एक गोष्ट आहे जी आम्ही सर्कलविरोधी लोक टाळतो, की टॉवर नसता तर घाबरलेल्या गावकऱ्यांनी कितीतरी मुलं आधीच मारली असती. त्याचं नीट उत्तर माझ्याकडेही अर्धंच आहे. कसांड्रा मला माणूस म्हणून सगळ्यात आवडते, पण सुधारणा करू करू म्हणत ती सर्कल ठेवते, आणि मला तेवढ्यावर समाधान नाही. नाशिककर, तुम्ही कुणाला केलंत ते मात्र लिहिलं नाहीत.